टाच

दुकानात शिरणाऱ्याचं तोंड मी नंतर बघते,
आधी बूट.
पुढे नुसती एक सळई दिसली
तर तो सपाटीचा, जंगलातून दिवसभर जाणारा.
पुढे बदकाची चोच असली तर टेलेमार्कवाला.
आणि पुढेमागे दोन्हीकडे कडक ओठ, चालताना खडखड,
म्हणजे गाडीतून थेट लिफ्टपाशी उतरलेलं गिऱ्हाईक.
बाकी मेण, लांबी, किंमत वगैरे आहेच,
पण खरा प्रश्न एकच:
टाच मोकळी की बांधलेली?

आई सुईण होती, या खोऱ्यातली अठरा शेतघरं तिची.
तिच्या फळ्या अरुंद, मधे कमानीसारख्या उचललेल्या.
दोन्ही पायांवर उभी राहून ती मला सांगायची,
गुनव्होर, खालून कागद सरकव.
सरकला पाहिजे.
मग सगळा भार एकाच पायावर, आता ओढ.
अडकला पाहिजे.
घसरायचं तेव्हा घसरणारी, रेटायचं तेव्हा धरणारी,
एवढंच तिला फळीकडून हवं असे.
कडाक्याच्या थंडीला निळं मेण, ओल्या बर्फाला लाल,
आणि दोन समांतर रेघा, रात्रीत बर्फ पडलं नाही
तर परतीलाही त्याच.

बाबांना चढण प्यारी, कारण नंतर उतार असतो.
तळव्याला कातडी पट्टे लावून दोन तास वर,
वर पोचल्यावर पट्टे सोलून खिशात,
आणि मग तो गुडघा!
एक पाय पुढे, मागची टाच उचललेली,
ओढ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला वाकावं
तसे ते वळणावळणाला वाकत.
म्हणत, वळण मागून घ्यायचं असतं.

तार्येईला मागत बसायला वेळ नव्हता.
त्याच्या दोन्ही टाचा फळीला जखडलेल्या,
पोलादी कडा, निळे-लाल खांब, घड्याळ.
बाबा एका वळणात जेवढं गाव बघत
तेवढ्यात हा खाली पोचून हेल्मेट काढत असे.
मला त्याचं कौतुक होतं. अजून आहे.

टाच बांधणाऱ्या कुलपावर एक आकडा असतो.
पडलास तर किती जोराला सोडायचं, तो आकडा.
स्क्रूनं फिरतो.
शर्यतीच्या आदल्या रात्री तो म्हणाला, दोन घरं वर.
मध्येच सुटायला नको.
मी फिरवला.

सुटलं नाही.

उजवा गुडघा. त्यानंतर ऑस्ट्रियात नोकरी,
नाताळला कार्ड, कार्डावर नेहमी उन्हाळ्याचं चित्र.

यंदा आला, मुलीला घेऊन.
रान्व्हाइग, तेरा वर्षांची, स्केटिंगवाली.
फळ्या कात्रीसारख्या फाकवून दोन्ही बाजूंना ढकलत जाते,
बाबा असते तर ओरडले असते, रेघा मोडल्या म्हणून.
तिला म्हणे पुढे उडी शिकायची आहे.
शिक, म्हटलं. फळ्या तुझ्या दीडपट लांब असतील,
हवेत त्यांच्यावर झोपायचं,
पण जमिनीला टेकताना एक पाय पुढे घे, गुडघा वाकव,
नाहीतर गुण कापतात.
म्हणजे आजोबांसारखं? तिनं विचारलं.
तिनं त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

ती बाहेर गेल्यावर
तार्येईनं खुंटीवरची बाबांची जोडी उतरवली.
डांबराचा वास अजून आहे.
माझ्या बुटांना बसतील का?
नाही, म्हटलं, चोच लागते, बाबांचे बूट घाल.
अर्धा अंक मोठे झाले. दोन मोजे चढवले.
दुकानाच्या लाकडी जमिनीवरच तो उभा राहिला,
काउंटरला धरून,
आणि टाच उचलली. टेकवली.
परत उचलली.

याला आकडा कुठेय?
नसतो याला.

तो काही बोलला नाही.
मी पेचकस खणात टाकला, खण लावून घेतला,
तरी तो उचलत होता, टेकवत होता,
डावी बरी,
उजवी जेमतेम.